खाटेजवळची माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याहून औंधमार्गे मुळा नदीवरचा राजीव गांधी पूल ओलांडला की सांगवी फाटा लागतो. तिथं जिल्हा रुग्णालय आहे आणि त्याला लागून उरो रुग्णालय, म्हणजे छातीच्या आजारांचं इस्पितळ. दोघांच्याही नावात औंध आहे, पण दोन्ही आहेत नदीच्या पलीकडे, सांगवीच्या बाजूला. क्षयाची इस्पितळं एकेकाळी गावाबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बांधत. पुढं पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, कामगार आले, शेतांवर घरं उभी राहिली आणि गावाबाहेरची इस्पितळं भरवस्तीत आली.

आज मला बोलायचं आहे ते अशा इस्पितळांच्या दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसांविषयी. रुग्णाची बायको, आई, भाऊ, मुलगा, सून. वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरांची नावं येतात, औषधांची येतात, पण या डबेवाल्या माणसांचा उल्लेख क्वचितच होतो. खरं तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत वैद्यकानं या माणसांना आधी दूर ठेवलं, मग जवळ बोलावलं, आणि फार उशिरा त्यांच्याही प्रकृतीची विचारपूस सुरू केली. तरुणपणी गाठणारा क्षय आणि मनाचा आजार, संसाराच्या ऐन मध्यावर येणारं व्यसन आणि शेवटी म्हातारपण, या वाटेनं गेलं तर मोठ्या माणसाच्या प्रकृतीवर घरातल्या नात्यांचा काय परिणाम होतो, हे चांगलं कळतं.

सुरुवात क्षयापासून करू. औषधं सापडण्यापूर्वी या रोगावर उपाय म्हणजे स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार. त्यासाठी युरोपात सॅनेटोरियम निघाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती आपल्याकडेही आली. महाराष्ट्रात मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं नाव जुन्या पिढीला ठाऊक असेल. रुग्ण तिथं महिनोन् महिने राही, कधी वर्षानुवर्षं. घरातून त्याला दूर नेण्यामागं दोन हेतू होते. एक म्हणजे त्याला आराम मिळावा आणि दुसरा म्हणजे घरच्यांना लागण होऊ नये. हेतू चांगले होते, पण त्याची किंमत घर मोजत असे. कमावता माणूस खाटेवर पडला की चूल थंडावायची. क्षय झालेल्या सुनेला माहेरी पाठवून द्यायचं, ही तर घरोघरची रीत होती. अशी माहेरी गेलेली सून बरी झाली तरी सासरचं दार तिच्यासाठी पुन्हा उघडेलच, याची खात्री नसे.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ साली आयसोनायझिड हे स्वस्त आणि प्रभावी औषध हाती आलं. सांगवीपासून काही मैलांवर, पिंपरीला, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. सुरुवातीला तिथं पेनिसिलिन बनलं आणि पुढं स्ट्रेप्टोमायसिनही. औषध मिळू लागलं, तरी एक प्रश्न शिल्लक होता. देशात क्षयाचे रुग्ण लाखांनी होते आणि खाटा होत्या काही हजार. ज्यांना खाट मिळणार नाही त्यांचं काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर मद्रासला मिळालं. १९५६ साली तिथं भारत सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उघडलं. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला आणि दुसरा आपापल्या घरी. औषधं दोन्हीकडे तीच होती आणि मुदतही तीच, एक वर्षाची. सॅनेटोरियममधल्यांना चांगलं जेवण आणि पूर्ण विश्रांती होती. घरच्यांना मात्र कोंदट खोली, अपुरं जेवण आणि बऱ्याच जणांना काम चुकलेलं नव्हतं. शहाण्या डॉक्टरांनाही वाटत होतं, की घरचा गट मागं पडणार.

निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के रुग्ण आणि घरी राहिलेले ८६ टक्के रुग्ण जंतुमुक्त होऊन आजार शमण्याच्या अवस्थेला आले होते. फरक इतका थोडा होता, की त्यासाठी कुणाला घरदार सोडायला लावावं असं म्हणता येईना. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या पाच वर्षांत दिसली. घरी उपचार घेतलेल्या रुग्णांच्या कुटुंबात क्षयाची लागण जास्त झाली नव्हती. जी लागण व्हायची ती बहुधा औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असे. ज्या भीतीपोटी माणसांना घरापासून तोडलं जात होतं, ती भीती औषधानंतर उरली नव्हती.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. रुग्ण बरे झाले ते औषधानं. मायेनं क्षयाचा जंतू मरतो, असं मद्रासच्या प्रयोगानं सिद्ध केलेलं नाही. पण औषध वर्षभर रोज घ्यायचं होतं. पी.ए.एस. नावाच्या औषधानं पोट बिघडे. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला की रुग्णाला वाटे, आता कशाला घ्यायचं? केंद्राची माणसं अवचित घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. पण उरलेल्या सगळ्या दिवशी गोळीची आठवण करणारं माणूस घरातलंच होतं. १९६२ साली भारतानं राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला, तो घरी राहून उपचार या पायावरच. याचा दुसरा अर्थ असा, की इस्पितळातल्या परिचारिकेचं काम सरकारनं न बोलता घरच्या बाईकडे सोपवलं. तिला त्यासाठी काय हवं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

विचारलं गेलं ते थेट आपल्या काळात. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं एक मोठा अभ्यास झाला. २,८०० क्षयरुग्णांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. निम्म्या गटात रुग्णाबरोबर घरातल्या सगळ्यांनाच दर महिन्याला शिधा दिला गेला. २०२३ साली निष्कर्ष आले, तेव्हा शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि फुफ्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचे ४८ टक्क्यांनी. घरातला एक माणूस आजारी पडला की ताटातला चांगला घास त्याच्याकडे जातो आणि वाढणारीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्या वाढणारीचाही विचार केला, तर आजार तिच्यापर्यंत पोचण्याआधी थांबवता येतो.

सांगवीहून मुळेच्या काठानं खाली गेलं की दापोडीजवळ पवना तिला मिळते, पुण्यात मुठा मिळते, आणि मग येरवडा येतं. येरवड्याचं मनोरुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. अशा इस्पितळांची पद्धत फार काळ एकच होती. नातेवाइकांनी रुग्णाला आणून सोडायचं आणि परत जायचं. अनेकांना न्यायला पुन्हा कुणी आलंच नाही. वैद्यकाचाही घरच्यांवर विश्वास नव्हता. माणूस वेडा झाला तो घरच्यांमुळे, तेव्हा त्यांना दूरच ठेवावं, असं मानणारे मोठे मोठे डॉक्टर पश्चिमेत होते.

ही पद्धत पहिल्यांदा मोडली अमृतसरला. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला सांगितलं. जागा अपुरी होती आणि माणसं कमी होती, हेही त्यामागचं एक कारण होतं. पण घडलं ते विलक्षण. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, तेव्हा भूतबाधेची भीती कमी झाली. पाठोपाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही कुटुंबासह राहण्याची सोय केली. जगात अन्यत्र असं फारसं कुठं नव्हतं.

त्याच सुमाराला लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाचे समाजशास्त्रज्ञ एका कोड्याचा शोध घेत होते. इस्पितळातून बरे होऊन गेलेले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण पुन्हा आजारी का पडतात? त्यांना आढळलं, की आईवडिलांकडे किंवा नवरा-बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा इस्पितळात परत येत. ऐकून धक्का बसावा असाच निष्कर्ष. अधिक खोलात गेल्यावर कळलं, की सगळी घरं सारखी नव्हती. जिथं सतत टोचून बोललं जाई, राग राग केला जाई, किंवा काळजीपोटी रुग्णाला श्वासही मोकळा घेऊ दिला जात नसे, तिथं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. हीच मोजपट्टी पुढं १९८० च्या दशकात चंडीगढच्या कुटुंबांना लावली, तेव्हा लंडनच्या तुलनेत असं टोचणारं वातावरण कमी घरांत सापडलं. म्हणून आपली घरं आपोआप चांगली ठरत नाहीत. आपल्याकडेही रुग्णाला साखळीनं बांधलेलं आहे आणि देवस्थानांच्या आवारात सोडून दिलेलं आहे. ब्राउन यांच्या कामातून घेण्यासारखं एवढंच, की घर आहे एवढ्यानं भागत नाही, त्या घरात बोलणं कसं चालतं याला महत्त्व आहे. आणि बोलणं शिकवता येतं, बदलता येतं.

पुण्यात हे ओळखलं ते रुग्णांच्या घरच्यांनीच. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातला अनुभव गाठीशी घेऊन स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेला चालना दिली. आजारी माणसांचे आईवडील, भाऊबहीण एकत्र बसून आपली अडचण एकमेकांना सांगू लागले. २००४ साली आलेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट अनेकांना आठवत असेल. आजारी भावाची गोष्ट सांगताना त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा संसारही त्यानं दाखवला, हे त्याचं मोठेपण.

आता येरवड्यातच आणखी एका दारापाशी थांबू. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी तिथं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिलं होतं. अनिताताई स्वतः मनोविकारतज्ज्ञ. निमित्त गर्दच्या साथीचं होतं, पण दारूचे रुग्णही मोठ्या संख्येनं आले. पिंपरी, चिंचवड, भोसरी, सांगवी या पट्ट्याला हे दुखणं परकं नव्हतं. पाळीची ड्यूटी, गावापासून तुटलेलं आयुष्य, हातात रोख पगार आणि पगाराच्या दिवशी जमणारी टोळी. गावी भाऊबंद, चुलते कुणी तरी कान पकडणारं असतं. दोन खोल्यांच्या घरात तिशी-चाळिशीतल्या माणसापुढं फक्त बायको असते.

मुक्तांगणात सुमारे पाच आठवडे रुग्ण राहतो आणि त्या काळात घरच्यांनाही बोलावलं जातं. त्याआधीची पद्धत आठवा. दारुड्याच्या बायकोला समाज दोनच गोष्टी सांगायचा. एक तर, तूच त्याला धाकात ठेवलं नाहीस. नाही तर, सोस बाई, आज ना उद्या सुधारेल. अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन यांनी १९५१ साली अल्-अनॉन हा घरच्यांचा गट सुरू केला, तो याच कोंडीतून. पिणाऱ्याच्या पायी त्याच्या बायकोचं झोपणं, खाणं, विचार करणं सगळं त्याच्या बाटलीभोवती फिरू लागतं. तीही एका अर्थानं आजारीच असते आणि तिलाही उपचार लागतात. मुक्तांगणनं रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला तो या जाणिवेतून. नवऱ्याची दारू सुटो वा न सुटो, तिची झोप परत यायला हवी, हा विचार आपल्याकडे नवा होता.

नात्यातली कटुता शरीरात किती खोल जाते, याचा एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ जोडप्यांना दोन वेळा इस्पितळात मुक्कामाला बोलावलं. दर वेळी त्यांच्या हातावर छोटे फोड उठवले. एकदा त्यांना एकमेकांना आधार देणारं बोलायला सांगितलं आणि दुसऱ्या वेळी वादाच्या विषयावर बोलायला सांगितलं. वादानंतर जखमा सावकाश भरल्या. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात वैर जास्त होतं, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या साठ टक्केच होता. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. भांडणानं अन्न अंगी लागत नाही, असं आपल्या आज्या सांगत. त्यांचं म्हणणं फारसं चुकीचं नव्हतं.

व्यसनाच्या, कर्जाच्या, मुलांच्या शिक्षणाच्या वळणातून संसार पार पडतो आणि निवृत्ती येते. १९६० आणि १९७० च्या दशकांत या पट्ट्यात कारखान्याला लागलेली पिढी १९९० नंतर एकेक करून घरी बसली. मुलं हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत, नाही तर बंगळूरला, परदेशात. एकत्र कुटुंब मोडलं म्हणून म्हातारपण वाईट झालं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की ते तपासून पाहायचं राहून जातं. डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता ही एकत्र कुटुंबाची खूण त्यांनी सांगितली. दहा-अकरा वर्षांनी आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावाचा अभ्यास करून दाखवलं, की चुली वेगळ्या झाल्या तरी अडीअडचणीला धावून जाणं, पैसा पुरवणं, लग्नकार्यात एक होणं चालूच असतं. घर विभागलं म्हणजे नातं तुटतंच असं नाही. त्याचप्रमाणे एका छपराखाली राहणाऱ्यांचं नातं शाबूत असतंच असंही नाही.

भारतातल्या वृद्धांची २०१७-१८ साली मोठी पाहणी झाली. साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे सहा टक्के एकटे राहत होते आणि सुमारे वीस टक्के फक्त जोडीदाराबरोबर. म्हणजे बहुतेक म्हातारी माणसं आजही मुलाबाळांत किंवा इतर नातलगांत आहेत. आईवडिलांच्या पोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्यानं न्यायाधिकरणाकडून निर्वाह-खर्च मिळवता येतो. मुलानं संध्याकाळी पाच मिनिटं जवळ बसावं, हे मात्र कुठलंही न्यायाधिकरण सांगू शकत नाही. ती उणीव ज्येष्ठ नागरिक संघांनी बरीच भरून काढली आहे. सकाळी बागेत जमणारी ही मंडळी एकमेकांची रक्तदाबाची गोळी विचारतात, कुणी दोन दिवस दिसलं नाही तर घरी जातात. रक्ताचं नातं नसलं तरी काम घरच्या माणसाचंच.

हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ साली सुरू केलेला एक अभ्यास अजून चालू आहे. विद्यापीठातले २६८ विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, अशा ७२४ जणांचं आयुष्य त्यात तरुणपणापासून नोंदलं गेलं. पन्नाशीत आपल्या नात्यांविषयी जे समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून इतका चांगला अंदाज बांधता आला नव्हता. निष्कर्ष मोलाचा आहे. पण त्या ७२४ जणांत सुरुवातीला एकही स्त्री नव्हती, हेही सांगायला हवं. नात्यांचा लाभ ज्यांना झाला त्यांचं मोजमाप आधी झालं. ती नाती ज्यांनी राबून टिकवली त्यांचं नंतर.

ते नंतरचं मोजमापही ऐका. १९९५ साली कीकोल्ट-ग्लेझर यांनीच स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या आणि त्यांच्या हातावर अगदी लहानशी जखम केली. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा ती भरायला नऊ दिवस जास्त लागले. आपल्याकडे २०१९ साली केंद्र सरकारनं लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात, याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. रुग्णाची सेवा या हिशेबाच्या वर येते, आणि ती बहुधा त्याच हातांवर येते.

तेव्हा 'कुटुंब हा मोठा आधार असतो' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात एक माणूस लपलेलं असतं. क्षयाच्या रुग्णाला वर्षभर गोळ्या देणारी, मनोरुग्ण भावाला सांभाळणारी, नवरा कधी घरी येतो याची वाट पाहत जागणारी, सासूला अंथरुणात कूस बदलून देणारी. तिचं शरीर झिजलं तर तो आधारही झिजतो. वैद्यकानं हे समजून घ्यायला जवळजवळ सत्तर वर्षं लावली. घरातल्या आपण मंडळींनी तेवढी लावण्याचं कारण नाही. घरात आजारी माणूस असेल तर रात्रीची जाग भावाबहिणींनी आळीपाळीनं वाटून घ्यावी. लांब राहणाऱ्या मुलानं पैशाबरोबर वर्षातले पंधरा दिवस स्वतः यावं आणि त्या पंधरा दिवसांत वहिनीला तिच्या माहेरी जाऊ द्यावं. आणि रुग्णाला भेटायला जाल, तेव्हा त्याची चौकशी झाल्यावर शेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडेही वळावं, आणि त्याला विचारावं, की तुम्ही जेवलात का, आणि रात्री झोप लागते का.